गोड न बोलणारे खोके

आमच्या देवासच्या घरातले दोन करडे खोके भंगारात द्यावेत, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. माझं नाही, आणि मी अजून जिवंत आहे.

ते रेडिओ स्टुडिओतले मॉनिटर स्पीकर आहेत. मी रेडिओत ध्वनिमुद्रण करायचो. स्टुडिओतलं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा मी ते टेम्पोत घालून घरी आणले. पातळ प्लायवुड, आतून डांबरी थर, रूप म्हणाल तर रेशनच्या दुकानात शोभेल असं. पण त्यावर कुणी बोलू लागलं की खोका नाहीसा होतो आणि समोर माणूस उरतो. गवयानं श्वास कुठे चोरला, तबला किती उतरला, सगळं ते सांगून टाकतात. आमचं कामच चुका पकडण्याचं होतं, आणि या खोक्यांनी कधी कुणाची भीड ठेवली नाही.

यंदा पुतण्यानं नवे स्पीकर आणून दिले. उंच, सडपातळ, काळे चकचकीत, मोबाइलवरून वाजणारे. कानामागून आले आणि तिखट झाले.

"काका, ते खोके अब काढा न," तो म्हणाला. "बेस तो आहेच नाही त्यात. आजकल कोण ऐकतं त्यावर?"

"मी ऐकतो," मी म्हणालो. "तुला धमाका पाहिजे, मला माणूस पाहिजे. दोन्ही राहतील."

खोटं कशाला बोलू, नवेही वाईट नाहीत. झांजा स्वच्छ वाजतात, पखवाज छातीत जाणवतो. फक्त त्यांना सगळ्यांचं भलं करायची खोड आहे. पडसं झालेला गवईसुद्धा त्यांच्यावर ताजातवाना वाटतो. असल्या भलेपणाचा मला रागच येतो.

माझी बायको गाते. घशाच्या ऑपरेशननंतर सहा वर्षं ती चारचौघांत गायली नव्हती. धारच्या मराठी मंडळींनी गणपतीत गायला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी घरी गाऊन बघते. ऐकून पटलं तर जाईन, नाही तर तुम्ही नाही म्हणून कळवा." मागच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या करून मी तिचं भजन मुद्रित केलं. हेडफोनमध्ये मला तेव्हाच कळलं. वरच्या षड्जाला आवाज फाटत होता.

जन्मभर दुसऱ्यांना करड्या खोक्यांसमोर बसवणाऱ्या मी तिला नव्या स्पीकरांसमोर बसवलं. ती धारला नाही म्हणेल आणि मग कधीच गाणार नाही, याला मी भ्यालो.

नव्यांवर भजन गुळगुळीत वाजलं.

"वा काकू, एकदम मस्त," पुतण्या म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"छान झालंय."

"मग तुमच्या खोक्यांवर का नाही लावलं?"

"त्यांची वायर काढली आहे."

"मग जोडा."

जोडली. वरचा सा आला आणि सगळ्यांदेखत फाटला. पुतण्या मोबाइलमध्ये बघू लागला. मी आवाज कमी करायला उठलो, तर तिनं माझा हात धरला आणि परत लावायला सांगितलं. तिनं ते तीनदा ऐकलं. मला लाज वाटली, तिच्या आवाजाची नव्हे, माझी.

"अहो, इतक्या गवयांना तोंडावर सांगितलंत, सूर लागला नाही म्हणून. मलाच का नाही सांगितलंत?"

"तू गाणं सोडशील म्हणून."

"वरचा सा गेलाय. बाकीचे आहेत की," ती म्हणाली आणि तिनं हार्मोनियम पुढे ओढली. आयुष्यभर काळी चारच्या पट्टीत गाणारी ती बाई. तिनं बोट खाली पांढरी चारवर आणून ठेवलं. "धारला इथून गाईन. ज्यांना पूर्वीची मी पाहिजे असेन, त्यांनी घरी बसावं."

मग तिनं पुतण्याला भाता मारायला बसवलं आणि तेच भजन खालच्या पट्टीत, जाड, खरखरीत आवाजात अखेरपर्यंत म्हटलं. थांबली. कपाळावरचा घाम पुसला.

"आता सांगा. लागला का सूर?"

"तिसऱ्या ओळीत उतरला," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि तिसरी ओळ पुन्हा घेतली.