काकांच्या मेंदूचं मीटर

दवाखान्यातले किस्से डब्याबरोबर घरी येतात. शेजारच्या करंदीकरकाकूंना मी रोज तिथे डबा पोचवते. येताना डबा रिकामा असतो, मीच भरून येते.

*

काका इथे गुजरातेत, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. खुब्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, "भूल देताना कपाळाला पट्टी चिकटवू. मेंदूच्या लहरी स्क्रीनवर दिसतात. त्या फार सपाट झाल्या, तर नंतर माणूस गोंधळण्याची भीती जास्त."

काका म्हणाले, "म्हणजे मीटर. रीडिंग पडलं की प्लँटला धोका."

*

मला कुठलं राहवतंय! विचारलं, "त्यात मनातलं दिसतं का हो काकू?"

"दिसत असतं तर माहेरून रुखवतातच आणलं असतं," काकू म्हणाल्या. मग माझा हात धरला. "मला ओळखलंच नाही तर गं?"

*

ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरांनी सांगितलं, भूल कमी केली तरी लहरी मधेमधे सपाट होत होत्या. काही दिवस जपा, घरचं माणूस जवळ असू द्या.

संध्याकाळी काकांनी चहा मागितला, वर "साखर कमी आहे" म्हणून कुरकुरले.

"मीटर खोटं पडलं," मी म्हटलं. काकू किती दिवसांनी हसल्या.

*

दुसऱ्या दिवशी सलाइनचा स्टँड पकडून काका नर्सला ओरडले, "वाल्व बंद कर, प्रेशर वधे छे!" प्रेशर वाढतंय म्हणे.

"कर दिया, साहेब," नर्स म्हणाली. काका निवांत झोपले. अख्खा वॉर्ड हसला. काकू तेवढ्या सलाइनचा स्टँड सरळ करत राहिल्या.

*

करंदीकरांकडे उंबऱ्याबाहेर गुजराती, आत मराठी. काकूंशी तर काका भाजीबाजारातसुद्धा कधी गुजराती बोलले नाहीत.

काल मी गेले तेव्हा काकू म्हणत होत्या, "अहो, मी आहे."

काका अदबीनं म्हणाले, "केम छो बेन? बेसो ने."

काकू बसल्या. मी काकांना थेपला दिला. त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधून उशीखाली ठेवला. काकूंच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "तो मला द्याल का?"

काकांनी उशीवर हात ठेवला. "ना बेन. ए तो मारी घरवाळी माटे छे." बायकोसाठी ठेवलाय, ती आत्ता येईलच म्हणे.

"सारुं. एने ज आपजो," काकू गुजरातीतच म्हणाल्या. मग हळूच, "तिलाच द्या."