सात नंबरचं भात

१९७६ साल. मी अडतीस वर्षांचा होतो, दुसरी शिकलेला, आणि वसईच्या खाडीला लागून असलेल्या आमच्या गावात माझ्याइतकी खारट जमीन कुणाची नव्हती. ही बढाई नाही. साहेबांनीच ती शोधून काढली. बांधावर उभं राहून त्यांनी विचारलं, "या गावात सगळ्यात वाईट जमीन कुणाची?" आणि ज्या गावाचं कशावरच कधी एकमत होत नाही, त्या गावानं एकदम माझ्याकडे बोट केलं.

साहेबांचं आडनाव केळसकर. शेतकी कॉलेजातले. खाऱ्या पाण्याला न भिणारं भात शोधायचं आणि त्यावर डॉक्टर व्हायचं, असा त्यांचा बेत. माझ्या पाच गुंठ्यांत त्यांनी बारा वाफे पाडले, प्रत्येकात वेगळी जात लावली आणि पत्र्याचे नंबर ठोकले. सकाळी आले की आधी वाफ्यांची विचारपूस. "काय नऊ नंबर, आज मान खाली का?" बारा नंबरांची तब्येत त्यांना पाठ, पण आम्हा माणसांत एकाचंही नाव त्यांच्या तोंडी नाही. मला म्हणायचे "प्लॉटमालक". बायकोला "प्लॉटमालकीणबाई". आमच्या कुत्र्याला मात्र नावानं हाक मारायचे. त्याचं नशीब.

गमबूट घालून चिखलात उतरले की बूट खाली राहायचे आणि साहेब वर यायचे. त्यांच्याजवळ पाण्यातला खार मोजायचं यंत्र होतं. मी चिखल बोटानं जिभेला लावून सांगायचो, आज कालच्यापेक्षा जास्त आहे. मग साहेब यंत्र बुडवायचे, चष्मा पुसायचे, काटा बघायचे आणि पाच मिनिटांनी तेच सांगायचे. "तुमचं ते मत, प्लॉटमालक. हे निरीक्षण." की लगेच वहीत. "लिहिलं नाही ते घडलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा बाप, आजा, पणजा याच खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात पिकवून गेले, पण तिघांनाही लिहिता येत नव्हतं. म्हणजे आमचं घराणं साहेबांच्या हिशेबी घडलंच नव्हतं.

खोटं कशाला बोलू, माणूस कामाला वाघ होता. धो धो पावसात छत्री भातावर धरून बसायचा नि लोंब्या मोजायचा, स्वतः निथळत. असली माया मी आईची लेकरावर पाहिली आहे, साहेबाची भातावर पहिल्यांदाच.

पण त्यांचं सगळं उलटं. आमची रीत अशी, की ओहोटी लागली की बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडायची, शेतातला खार खाडीत जाऊ द्यायचा आणि वरच्या शेतातलं पावसाचं गोडं पाणी आत फिरवायचं. साहेब भरतीचं पाणी डब्यांनी आणून वाफ्यांत ओतायचे. "ताण द्या, ताण! ताण दिल्याशिवाय जात कळत नाही."

गणपतीला साहेब आठ दिवस घरी गेले. जाताना दम दिला, "कशालाही हात लावायचा नाही." तेव्हाच भात पोटरीत आलं. पोटरीतल्या भाताला आमच्यात पोटुशी बाईसारखं जपतात. माझी बायको भागी बांधावर आली, वाफ्यांत साचलेलं खारं पाणी तिनं बघितलं आणि माझ्यावरच घसरली.

"अवं, पोटुशीला कोन खारं पानी पाजतं? नि म्हनं ह्यो डाक्टर होनार!"

"साहेबांचा हुकूम आहे."

"साहेबाला हाय का पोट? तुमाला तरी हाय का काळीज?"

मी उघाडी उघडली. आठ दिवस, प्रत्येक ओहोटीला, वाफे धुतले. सात नंबर वरच्या शेताच्या अगदी कडेला, त्याला गोडं पाणी सगळ्यात जास्त मिळालं. साहेब येणार त्या सकाळी त्यांच्याच डब्यांनी खाडीचं पाणी परत भरून ठेवलं. शिव्या कोण खाणार?

साहेब आले, यंत्र बुडवलं. खार होता तेवढाच. आणि सात नंबर हिरवंगार, भरलेलं. साहेब बांधावर नाचले, अक्षरशः नाचले. "प्लॉटमालक, इतिहास घडला!" मी म्हटलं, "घडला असेल."

साहेब डॉक्टर झाले. पुढं गावच्या शाळेत भाषण केलं. गुरूंचे आभार, पत्नीचे आभार, देवाचे आभार आणि शेवटी "जागा देणारे एक स्थानिक शेतकरी". तो स्थानिक शेतकरी पुढच्याच बाकावर बसला होता. त्या दिवशी मी ठरवलं, माझं नाव नाही ना, मग खरं पण नाही. त्यानंतरही तोंड उघडलं नाही.

मग १९७९च्या जूनमध्ये साहेब सात नंबरचं बियाणं घेऊन आले. एका शेतकऱ्याच्या पुऱ्या शेतात लावून दाखवायचं होतं. त्यासाठी आधीच पुढं झाला होता माझा शेजारी बस्त्याव. साहेबांवर भरवसा ठेवून त्यानं स्वतःचं लाल खारं भात, म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारी आमची जुनी जात, बियाण्यासकट कांडून खाल्लं होतं. सात नंबर त्यानं मोड आणायला भिजतही घातलं. त्याचं वर्षाचं पोट त्या बियाण्यावर, आणि ते बियाणं उभं होतं माझ्या लबाडीवर.

संध्याकाळी साहेब आमच्या ओट्यावर चहाला बसले होते. मी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी कप खाली ठेवला. "वहीत आहे हे?"

"नाही."

"मग..." म्हणाले, आणि पुढचं ठरलेलं वाक्य त्यांना बोलवेना. "बाळाराम, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही हो. दोन मुली आहेत."

म्हणजे नाव माहीत होतं!

"आणि बस्त्याव काय खाईल, साहेब?"

"टिकेलही कदाचित भात."

"हे मत आहे की निरीक्षण?"

चहा तसाच ठेवून साहेब शेवटची एसटी पकडायला निघून गेले. पुढं त्यांची नोकरी कायम झाली, खुर्ची मोठी झाली, परदेशात जाऊन खाऱ्या जमिनीवर बोलून आले. सात नंबर कुणाच्या शेतात दिसलं नाही, कागदावर मात्र जोमात वाढलं. साहेब वारल्याचं पेपरात वाचलं तेव्हा मला आठवली ती भातावर धरलेली छत्री. वाईट वाटलं. राग काही गेला नाही.

साहेब एसटीनं गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणगीतलं लाल भाताचं निम्मं बियाणं पोत्यात भरलं. म्हणजे त्या साली माझं निम्मं शेत पडीक. पोतं डोक्यावर घेऊन बस्त्यावच्या अंगणात गेलो. सात नंबर पिंपात भिजत होतं. मी पिंप आडवं केलं. त्याच्या कोंबड्या धावल्या.

बस्त्याव राखुंडीचं बोट तोंडात घेऊन बाहेर आला. "बाळ्या, डोकं फिरलं काय तुजं? माजं बियानं!"

त्यानं माझी गचांडी धरली. तो दमेपर्यंत मी उभा राहिलो. मग पोतं त्याच्या ओट्यावर ठेवलं, खाली बसलो आणि उघाडीपासून सगळं सांगितलं.