करडीच्या तेलाचा वास

निलंग्याच्या एसटी स्टँडबाहेर पडले आणि करडीच्या तेलाचा वास आला. कोपऱ्यावर लाकडी घाणा चालू होता. कितीतरी वर्षांनी मी परदेशातून गावी आले होते. पाय तिथंच थांबले.

लग्नानंतर कॅनडाला निघाले, ती सकाळ आठवली. आईनं मला अंगणात पुढ्यात बसवलं आणि कोमट केलेलं करडीचं तेल टाळूवर ओतलं. शेतकामानं खरखरीत झालेली तिची बोटं केसांत अडकत होती. दारात जीप उभी होती आणि भाऊ बाहेरून हाका मारत होता.

"तिकडं डोक्याला तेल कोण लावल गं तुला?" आईनं विचारलं.

"मीच लावीन की."

"आपला हात आपल्या डोक्याला कळत न्हाई, बाई."

मला हसू आलं. वेणी घालून झाली, तरी ती भांग नीट करत राहिली, कानामागं ओघळलेलं तेल पदरानं पुसत राहिली.

"आई, उशीर होतोय," मी म्हणाले. तिनं हळूच हात काढून घेतले.

ती मला थोडा वेळ धरून ठेवत होती, हे आज कळतंय. पुढं ती गेली, तेव्हा मला येता आलं नाही. भावानंही घर विकून पुणं गाठलं.

घाणेवाल्यानं बाटली भरून माझ्या हातात दिली.

"नवीन दिसता. कुणाकडं आलात, ताई?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण घेण्यासारखं एकही नाव माझ्याकडं नव्हतं.