जथी जाशीन तथचं पानी

परदेशात शिकून आलेल्या माणसाला शिक्षणाचं कोणी विचारत नाही. मी दोन वर्षं जर्मनीत कापडाच्या यंत्रांचं शिकलो, पण कारंज्याच्या बाजारात आजवर एकानं जरी मला यंत्राबद्दल विचारलं असेल तर शपथ! विचारतात ते एवढंच, "काय भाऊ, फिरले-गिरले का नाई तिकडं?" आता, फिरलो तर होतो. शनिवारी दुपारी कॉलेज सुटायचं, सोमवारी सकाळी भरायचं. मधल्या वेळात बसेल तेवढा युरोप बघायचा. मग मी एक किस्सा काढतो. तो संपत नाही तर दुसरा अंगावर येतो. गोधड्यांच्या थप्पीतली खालची एक ओढली की वरच्या सगळ्या कोसळतात, तसं. अन् सांगायला बसलो पॅरिसचं तरी दरवेळी शेवटी पोचतो जऊळक्याला.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. कोलोनला आम्ही तिघं मराठी बोलणारे. पुण्याचा सुधाकर, जऊळक्याजवळच्या वस्तीवरचा नामदेव अन् मी. सुधाकर मला "कारंजेकर" म्हणायचा, नामदेवला "पाटील". नामदेव पाटील नव्हता हो! चार बैलांचं घर त्याचं. पण पुण्याच्या माणसाला वऱ्हाडातला प्रत्येक जण पाटीलच दिसतो.

०

नामदेव निघाला त्या साली जऊळक्याहून काशीला जत्था निघाला होता. त्याच्या मायचं नाव त्यात होतं. नवं लुगडं काढून ठेवलेलं, शेजारणींना निरोप दिलेले. नेमका त्याच आठवड्यात नामदेवच्या बोटीचा दिवस आला. माय म्हणाली, "काशी काय पळून जाऊन राह्यली? पोरगा जाऊन राह्यला!" जत्था गेला अन् ती बैलगाडीत बसून पोराला मोटारीवर बसवायला वाशीमकडच्या मालेगावपर्यंत आली.

आमच्याकडे म्हातारी माणसं काशीच्या गंगेचा गडू फळीवर ठेवतात. शेवटच्या घटकेला तुळशीच्या पानानं तोंडात दोन थेंब घालायला. मायच्या फळीवर तो आता येणार नव्हता. मोटारीच्या खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, "माही गंगा तं राह्यली. तिकडं बी नद्या असतीनच ना? जथी जाशीन तथचं पानी आन मले. लेकरानं आनलं म्हंजे गंगाच."

हे त्यानं मला बोटीवर सांगितलं. पेटीत कपडे कमी अन् औषधाच्या रिकाम्या बाटल्या जास्त, हे पाहून मीच विचारलं होतं, "दवाखाना काढतो काय रे तिकडं?"

०

पहिली नदी राइन. पोचल्यावर पहिल्याच रविवारी नामदेव सूट-टाय घालून काठावर गेला. मायसाठी भरायचं तर नीटनेटकं जायला नको? पाणी खोल, काठ उंच. हा पालथा झोपला अन् हात खाली सोडला. तेवढ्यात मागून पोलीस धावत आला अन् त्यानं याची कॉलर धरून मागं ओढलं! त्याला वाटलं, परदेशी पोरगा जीव देतोय.

नामदेवला तेव्हा जर्मन शब्द येत होते पाच-सहा. त्यातला एक कामाचा निघाला. बाटली दाखवून तो म्हणत राहिला, "मुटर! मुटर!" आई, आई. पोलिसानं बाटलीकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं, मग नदीकडे. वरच्या अंगाला कारखान्याची मोरी नदीत सुटत होती. त्यानं मान हलवली अन् याला मोरीच्या वर बरंच चालवत नेलं. तिथं पायऱ्या होत्या.

नामदेवनं बाटली भरली, बूच लावलं, वरून मेण लावलं. मग आम्हाला म्हणाला, "तुमी व्हा पुढं, मी आलोच तोंड धुऊन."

"घरी नळ नाही का रे?" सुधाकर म्हणाला.

"नदीवर आलं तं तोंड धुवाच लागते. मायचा नेम हाये."

आम्ही पुढं झालो. तो बऱ्याच वेळानं आला. रुमालानं तोंड पुसत.

०

पॅरिसला सुधाकरनं यादीच केली होती. मनोरा, चित्रं, चर्च, बाग. एका दिवसात सगळं! तो पुढं, मी त्याच्या मागं, नामदेव माझ्या मागं. चित्रं पाहून बाहेर आलो तर नामदेव गायब.

दोन तास शोधला. शेवटी सापडला तो पुलाखाली. सेन नदीच्या कडेला एका म्हाताऱ्या भिकाऱ्याशेजारी बसलेला. दोघांच्या मध्ये आमचा तिघांचा पाव, अर्धा संपलेला. शेजारी भरलेली बाटली.

सुधाकर तापला. "अख्खं पॅरिस सोडून तू इथं काय करतोयस?"

"बोलून राह्यलो होतो. याची बी माय दूर गावी असते. लय दिवस भेट नाई म्हने."

"तुला फ्रेंच कधीपासून यायला लागलं?"

"त्याले तरी कुठी मराठी येते?"

आम्ही उरलेला पाव उचलला अन् पायऱ्या चढलो. नामदेव म्हणाला, "व्हा पुढं, तोंड धुतो."

०

बेल्जियमच्या लिएजहून परतताना नाक्यावर पेटी उघडायला लावली. अधिकारी जाड मिशांचा. बाटली काढली, उजेडात धरली. मेण लावलेलं बूच, आत पांढरं स्वच्छ काहीतरी. दारूच असणार! त्यानं बूच काढलं, वास घेतला, अन् आम्ही नको-नको म्हणेपर्यंत एक घोट तोंडात!

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण नामदेवचं तोंड बघवत नव्हतं. "उष्टं झालं," तो म्हणाला. "आता हे मायच्या तोंडात कसं घालू?"

मी समजावलं, सुधाकरनं समजावलं. ऐकेल तर नामदेव कसला! समोरच्या गाडीनं परत लिएजला गेला. आम्हीही गेलो, काय करता? पुन्हा तीच म्यूज नदी, तीच बाटली पाच वेळा विसळून घेतली. तोंडही पुन्हा धुतलं. सोमवारी तिघं दुपारी कॉलेजात उगवलो अन् प्रोफेसरांच्या शिव्या खाल्ल्या.

मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. गावचे मास्तर तिच्या शब्दांत पत्र लिहीत. नाक्यावरचा किस्सा मी त्यांना लिहून कळवला, अन् महिन्याभरानं नामदेवला उत्तर आलं, "पेला तं पेला. तहान लागली असन बिचाऱ्याले. तू काहून येवढा फिरला? जेवला का नाई त्या दिवशी?"

नामदेवनं उलट टपाली लिहिलं. त्याची सगळी पत्रं सारखीच असत. सुधाकरला तोंडपाठ झाली होती अन् तो हात जोडून म्हणून दाखवायचा, "साष्टांग नमस्कार. मी येथे मजेत आहे. काळजी नसावी. आपला नामदेव!"

०

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मास्तरांचं पत्र आलं की मायनं बाज धरली. छातीत पाणी झालंय, मालेगावचे डॉक्टर येऊन गेले. नामदेव पेटी भरायला लागला. परीक्षेला चार महिने होते. आम्ही अडवलं नाही, कोणत्या तोंडानं अडवणार?

तेवढ्यात दुसरं पत्र. मायनं सांगून लिहवलेलं. "शिक्षन पुरं करून ये. अर्ध्यात आला तं माहा सुखानं मराचा रस्ता बंद. मी कुठी जाऊन राह्यली? काशीले बी नाई गेली!"

मी हसलो. नामदेव हसला नाही. त्यानं पेटी रिकामी केली. मला एवढंच म्हणाला, "थांबीन ना रे माय?"

मी म्हणालो, "थांबीन." मला काय माहीत होतं? पण दुसरं काय बोलणार!

त्याच आठवड्यात आम्ही राइनच्याच वरच्या अंगाला, बाझलला गेलो. नदीच्या कडेला बर्फ साचलेलं. नामदेवनं ते बुटानं फोडलं, बाटली भरली, अन् त्या पाण्यात तोंड धुतलं! सुधाकर ओरडला, "अरे, न्यूमोनिया होईल! तुझ्या आईला कळव, म्हणावं हिवाळ्यापुरता नेम सोडा."

"माय नेमाची पक्की हाये," नामदेव ओल्या तोंडानं म्हणाला.

०

अन् खरंच ताप आला त्याला. पुढच्या शनिवारी ॲमस्टरडॅमला जायचं ठरलेलं, तिकिटं काढलेली. तो पांघरुणातून म्हणाला, "तुमी जा. मले बाटली आनून द्या तेवढी."

नदीवर गेलो तेव्हा मी बाटली काढली. सुधाकरनं ती माझ्या हातातून घेतली. हा माणूस दोन वर्षं त्या बाटल्यांची टिंगल करत आलेला! पायऱ्या उतरला, इस्त्रीच्या पँटीसकट ओल्या दगडावर गुडघे टेकले अन् बाटली भरली. बूच लावलं. मग वर न बघता म्हणाला, "कारंजेकर, तू हो पुढं."

सुधाकरची आई तो सहा वर्षांचा असताना गेली. हे त्यानं मला एकदाच, बोटीवर सांगितलं होतं. मी पुढं झालो.

तो आला तेव्हा तोंड रुमालानं पुसत होता. म्हणाला, "पाटलाला सांगू नकोस."

नाही सांगितलं.

०

परीक्षा झाली. आम्ही तिघं एकाच बोटीनं परतलो. सुधाकर मुंबईला उतरून पुण्याला जायचा, तो सरळ आमच्याबरोबर अकोल्याच्या गाडीत बसला. "तुमच्याकडची ज्वारीची भाकरी खायची आहे," म्हणाला.

मालेगावहून बैलगाडी. नामदेवनं बाटल्यांची पेटी मांडीवर घेतलेली, खाली ठेवायला तयार नाही. वस्ती दिसली तसा तो गाडीतून उतरून पेटी घेऊन चालायलाच लागला, बैलांच्या पुढं. दारात त्याची बहीण उभी होती. ती म्हणाली, "हाये रे, हाये. वाट पाहून राह्यली."

माय बाजेवर होती. नुसती हाडं. पण डोळे लख्ख. पोराच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "वाळला!" मग तिनं हुकूम सोडला, उद्या मावंदं घालायचं. काशी करून आलेला माणूस गंगेची पूजा करून गावाला जेवण घालतो, ते मावंदं.

भावकीतला एक म्हातारा कुरकुरला, "काशी न करता कायचं मावंदं?"

माय बाजेवरून म्हणाली, "माहा पोरगा येवढ्या नद्या करून आला. तुमी वाशीमच्या पुढं गेले काय कई?"

दुसऱ्या दिवशी सगळं झालं. बाटल्या फळीवर ओळीनं मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, अंगणात वरण-बट्टीच्या पंगती उठल्या. माणसं पांगली. घरात माय, बहीण, नामदेव, सुधाकर अन् मी. मायचा श्वास सकाळपेक्षा जड लागला होता. ती म्हणाली, "आता दे बाप्पा ते पानी. कायले ठेवतं?"

बहीण तुळस आणायला गेली. मला असं शांत बसवत नाही, मी आपलं तोंड उघडलं. "मावशी, तुमचा नेम मात्र यानं कुठंच मोडला नाही हो! बर्फ फोडून तोंड धुतलं यानं."

"कोनता नेम?"

"नदीवर गेलं की तोंड धुवायचं. तुमचाच ना?"

माय माझ्याकडे पाहत राहिली. "मी कई म्हटलं बाप्पा असं?"

नामदेव खाली बघत होता.

"हा काय करे?" मायनं मला विचारलं. "सांग बरं."

आता काय सांगायचं? जे होतं ते सांगितलं. बाटली भरायचा, आम्हाला म्हणायचा तुम्ही पुढं व्हा, अन् मागं राहून तोंड धुवायचा. बराच वेळ.

माय डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "नामा, जथी जथी तोंड धुतलं, तथचं पानी दे मले."

नामदेव उठला. फळीवरची पहिली बाटली त्यानं खाली काढली. मग दुसरी. मग तिसरी. मायनं डोळे उघडले होते. एकेक करत तो बाजेजवळ बाटल्या ठेवत गेला. राइन, सेन, म्यूज, बाझलची. फळीवर एकच उरली, ॲमस्टरडॅमची, तेव्हा तो थांबला.

मायनं ती ओळ पाहिली. "अन् पत्रात तं लिवत होता, मजेत हावो!"

बहीण तुळशीचं पान घेऊन दारात उभी होती. तेव्हा सुधाकर उठला. त्यानं फळीवरची उरलेली बाटली काढली, ओळीच्या शेवटी ठेवली अन् बाजेपाशी गुडघे टेकून बसला.

"मावशी," तो म्हणाला, "इथं मी धुतलं होतं."