पंपघराच्या फाटकावरची गाडी

आमच्या ह्यांना सगळे ‘पंपवाले’ म्हणतात. नदीकाठच्या पंपघरात ते कामाला आहेत, आणि त्याच पंपघराच्या फाटकावर परक्या सैनिकांची गाडी उभी असायची. आमच्या गल्लीतलं लढाईबद्दलचं सगळं शहाणपण त्या गाडीभोवती फिरायचं. न्हावी म्हणायचा, त्यांचा डोळा आपल्या डोंगरातल्या खाणींवर आहे. मास्तर म्हणायचे, ते गेले तर आपलं सरकार कोसळेल. माझ्या दिरांचं म्हणणं, हरलो म्हणून परत जायला त्यांना लाज वाटते, दुसरं काही नाही. मी आपली भांडी घासता घासता एकच म्हणायची, जा की बाबांनो एकदाचे! धाकटी पोटात होती तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आले. आता ती माझ्या चपला घालून मिरवते.

हे मात्र या वादात कधी पडले नाहीत. त्यांना पाणी सोडायचं असायचं. लढाईचं घोंगडं भिजत पडलेलं. या काठावर आपले, त्या काठावर आपल्याशी लढणारे, आणि दोघांना पाणी पाजणारा पंप एकच. मागे एकदा आवई उठली, की पाण्यात विष कालवलंय. दोन्ही काठांवर बायका रिकाम्या बादल्या घेऊन नुसत्या उभ्या, नळाला हात लावायची कुणाची छाती नाही. तेव्हा हे पंपघराच्या ओट्यावर, दोन्हीकडून दिसेल असे उभे राहिले आणि पहिल्या धारेचा पेला घटाघटा प्यायले. तेव्हापासून रोज तेच. आधी पेला, मग त्या काठाचा व्हॉल्व्ह, मग आपला. त्यांचा आधी का, तर म्हणे त्यांची टाकी लांब आहे. एवढ्यावरून लोकांनी ह्यांना फितूर ठरवलं. माझं डोकं फिरायचं, भांडायला पदर खोचून निघायची मी. हे आपले हसायचे. ‘पितात ना पाणी? मग बोलू दे.’

परक्यांची एक अट होती. दोन्ही बाजूंना पटेल अशा एकाच माणसाच्या हाती पंपघर सोपवायचं, मग गाडी हलवायची. झालं! चौकात ‘चालते व्हा’ म्हणून सगळेच ओरडायचे, पण गाडी हलली की पहिली गोळी समोरून येईल ही धास्ती दोघांच्याही पोटात. म्हणून दोन्ही बाजू मुद्दाम न पटणारी नावं पुढे करायच्या. या खेपेला आपल्या लोकांनी ह्यांचं नाव दिलं. या काठाच्या माणसाला त्या काठाचे कशाला हो म्हणतील? आणि नेमकं त्याच बैठकीत त्या काठाच्यांनीही ह्यांचंच नाव दिलं. ज्याला घरचेच फितूर म्हणतात, त्याला या काठाचे कशाला हो म्हणतील? दोघेही सपशेल तोंडावर आपटले. मी ऐकलं तेव्हा पोट धरून हसले.

हसू टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी परका साहेब दुभाष्याला घेऊन घरी आला. स्वयंपाकघरात माझ्या बुटक्या स्टुलावर बसला, गुडघे हनुवटीला लागले बिचाऱ्याचे. म्हणाला, आम्ही गेलो की फाटकावर बंदूक नसेल, तुम्ही एकटे असाल. हरकत असेल तर आम्ही थांबतो. ह्यांनी क्षणात हो म्हटलं. मग साहेबाने माझ्याकडे पाहिलं.

इतकी वर्षं ‘जा जा’ म्हणणारी मी. पण उघड्या ओट्यावर दोन्हीकडच्या बंदुकांसमोर उभे असलेले हे डोळ्यांपुढे आले.

‘जाऊ नका,’ मी म्हटलं. ‘थांबा तुम्ही.’

हे रागावले नाहीत. दुभाष्याला म्हणाले, ‘साहेबांना सांगा, हिचं काही चुकत नाही. दोन्ही काठांवर घरोघरी कुणी ना कुणी हेच म्हणतंय, आजच्या दिवस थांबा. म्हणून तर ही गाडी अजून फाटकावर आहे.’ मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘कुठल्या तरी घराने आधी ‘थांबा’ म्हणणं सोडायला हवं. पण तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही.’

असा संताप आला मला! आयुष्यात माझ्यावर कधी आवाज चढवला नाही या माणसाने, आणि मागायची वेळ आली तर हे मागितलं. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर उंबऱ्याबाहेर काढलं असतं. ह्यांना नाही म्हणवेना. अभिमानाने ऊर भरून आला आणि रडूही आवरेना. पदराने नाक पुसलं आणि मान हलवली.

गाडी गेली त्या दिवशी गल्लीत नाचले लोक. मी नाही नाचले. हे कामावर गेल्यापासून दारात उभी होते. भात चुलीवर करपला, शेजारीण येऊन दोनदा सांगून गेली, पण पाय हलेना. नळाला पाणी आलं तरी हलेना. दुपार कलल्यावर हे वळणावर दिसले, नेहमीसारखे चपला ओढत.

‘अजून दारातच?’ ह्यांनी विचारलं.

‘उद्यापण असणार आहे,’ मी म्हटलं.