टेरेसवरची काडी

भोकरदनहून पुण्याच्या बसमध्ये बसले, त्या दिवशी वडील स्टँडवर आलेच नाहीत. हरभऱ्यात काड्या रोवत होते. आडवी काडी बांधून ठेवली की कोतवाल पक्षी त्यावर बसतो आणि घाटेअळी वेचून खातो. आई म्हणाली, "त्याह्यचं मनावर घेऊ नको. तू गेल्यावर रडायचं ते रडतील, तोवर काम तरी उरकू दे."

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. आज पुण्यात स्वतःच्या पगारावर फ्लॅट घेतलाय. गावाकडच्यांनो, हे मुद्दाम लिहिते. पण इथलं वैभवही ऐका.

आमच्या बिल्डिंगच्या नावाची पाटी रात्रभर झगझगते. दिवे लागले की भिंतीवर किडेच किडे. अंधार पडता पडता कोतवाल येतात, पण काचेच्या बिल्डिंगीवर बसतील कुठं? मंग मी टेरेसच्या कठड्याला तारेनं तशीच काडी बांधली. जोडी यायला लागली. एक झेप, एक पतंग, परत काडीवर.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर फोटो टाकला. आडवी काडी, तारेचे वेढे, खाली पतंगांच्या पंखांचा सडा. "ही करणी कोणी केली?"

करणी! आम्ही बौद्ध. गंडेदोरे आजोबांनीच घराबाहेर फेकले होते. आणि इथं इंजिनियर लोक काडीला हात लावायला घाबरून राह्यले.

मीटिंगमध्ये सगळं समजावलं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं चालत असेल. इथं सुशिक्षित लोक राहतात." काडी कोणी काढली नाही, किडे मारायला फवारणीवाला बोलावला. फवाऱ्यानं विषारी झालेले किडे कोतवालच खाणार. कपाशीच्या शेतात फवाऱ्यानंतर मेलेली पाखरं मी उचललीत. मी टेरेसच्या दारातच बसले.

"पाटी बंद करा, किडे येणार न्हाईत."

"पाटी बिल्डिंगची शान आहे!" सेक्रेटरी ओरडले.

"मंग किडेपण शानच समजा."

फवारणीवाला कंटाळला. "ताई, हटा की. मला अजून दोन बिल्डिंगी करायच्यात."

"मंग जा की तिकडं जल्दी."

गेला. तेव्हापासून लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही. बिलकुल फरक पडत नाही.

आई फोनवर म्हणते, "कशाला भांडणं घेती गं परक्या मुलखात?"

आई, भाड्यानं राहिले तोवर मी तोंड दाबून राहिले. घरमालकांनी आडनाव विचारून दार लावलं, गप्प बसले. पाणी तोडलं, गप्प बसले. आता भांडते. घर झालं समज.