कॉलरमधली गाठ

मावशीबद्दल विचारायला हल्ली लोक येतात. त्यांना तिचा फोटो हवा असतो, एखादं बाणेदार वाक्य हवं असतं आणि ती लहानपणापासूनच कशी निराळी होती, ते हवं असतं. मी चहा टाकते आणि सांगते, लहानपणी कशी होती ते मला ठाऊक नाही, मोठेपणी मात्र भारी तिरसट होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. टॉवेलची घडी वाकडी पडली तरी दिवसभर धुसफुसायची. हे कुणी लिहून घेत नाही. बायकांसाठी मताचा हक्क सगळ्यात आधी मागणाऱ्यांत ती होती, एवढं त्यांना पुरतं. त्या मागणीपायी माझी आई गेली, हे मीच मध्ये घुसवते आणि मग त्यांचं पेन थांबतं.

मावशी आणि आई, दोघी सख्ख्या बहिणी, एकाच लाँड्रीत कामाला होत्या. गावातली सगळ्यात मोठी लाँड्री. पुढे काचेचं दुकान आणि चकचकीत काउंटर, मागे भट्ट्या, वाफ, निळीच्या टाक्या आणि कधीच न वाळणारी फरशी. या दोघी खुणेच्या खोलीत बसत. धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला आतल्या बाजूनं लाल दोऱ्यानं गिऱ्हाइकाची खूण शिवायची, म्हणजे पांढऱ्या शर्टांच्या ढिगात कुणाचा कोणता ते कळतं. खूण शिवून झाली की शेवटी प्रत्येकीनं आपापली गाठ मारायची. ज्या-त्या बाईची गाठ ठरलेली. टाका उसवून कपडा हरवला, तर गाठ बघून मुकादमीण नेमकी तिलाच धरायची.

आईची गाठ म्हणजे दोन वेढे आणि डावीकडे सोडलेलं दोऱ्याचं तोकडं शेपूट. शर्ट विरला तरी ती सुटायची नाही. मावशीची गाठ आपली नुसती गाठ होती. शिवणात धाकटी आपल्यापेक्षा सरस आहे, हे मावशी उघड कबूल करायची. बाकी आईचं तिला काहीच पटायचं नाही.

माझे वडील मी रांगत असताना काम शोधायला म्हणून गेले, ते गेलेच. आम्ही तिघी लाँड्रीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. मताचं खूळ मावशीच्या डोक्यात भरलं ते मुलींच्या शाळेतल्या बाईंनी. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या वर्गात काही बायका जमायच्या, अर्ज लिहायच्या आणि तो कायदे करणाऱ्या सभागृहाकडे धाडायच्या. अर्जाला उत्तर यायचं नाही. एकदा आलं ते वर्तमानपत्रात. कुणा सभासदानं भर सभेत म्हटलं होतं की बायकांना मत दिलं तर मतपेट्या भरायच्या आधी त्या पेट्यांच्या रंगावरून भांडतील. आईनं ते ऐकलं आणि म्हणाली, चला, निदान वाचतात तरी. मत मिळून नळाला पाणी येणार आहे का, असं ती मावशीला डिवचायची. मावशी म्हणायची, मत असतं तर केव्हाच आलं असतं. रोजचा वाद होता तो, भाजी चिरता चिरता चालायचा.

पुढची कल्पना मावशीची. सभागृह सुरू व्हायच्या आधी सभासदांचे शर्ट आमच्याच लाँड्रीत यायचे, कडक खळीच्या कॉलरींचे. ती म्हणाली, कागद फाडून टाकतात, कॉलर काय फाडणार? मानेवर जिथं घासतं, नेमकं तिथं खुणेच्या जागी आपली मागणी शिवायची. जाड दोऱ्यानं. टोचली पाहिजे.

शाळेतल्या बाईंनी मोठ्या हौसेनं एक वाक्य लिहून आणलं. आईनं ते मावशीकडून वाचून घेतलं, तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, "बाई, एवढं शिवायचं तर मान नाही, चादर लागेल." शेवटी नुसतं 'मत' एवढंच ठरलं. मावशीनं टेबलावर खडूनं अक्षरं काढली आणि खुणेच्या खोलीतल्या सगळ्या जणी ती बघून शिवायला बसल्या. काही हसत होत्या, काहींची नजर सारखी दाराकडे जात होती. आईची अक्षरं सगळ्यात देखणी उतरली.

गाठ मारायची नाही, हे मावशीनं कितीदा बजावलं त्याला गणती नाही. दोरा टाक्यांखालून उलटा घ्यायचा आणि कापायचा. गाठ म्हणजे आपलं नाव. ती टेबलाभोवती फिरून सांगत होती आणि प्रत्येक बाई मान डोलवत होती. आईसुद्धा डोलवत होती.

सभागृह सुरू झालं त्या दिवशी उकाडा होता. सभासद घामाघूम झाले, कॉलरीत बोटं घालू लागले, माना वळवू लागले. कुणीतरी वैतागून कॉलर उलटी केली, शेजाऱ्यानं आपली केली आणि दुपारपर्यंत ही बातमी बाजारात होती. गाव त्या दिवशी पोट धरून हसलं. कसाई हसला, टपालवाला हसला, लाँड्रीतल्या भट्टीवाल्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. आई घरी येऊन सभासद कसे मान वाकडी करत असतील ते मला करून दाखवत होती. तिला इतकं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकानं परत आलेल्या कॉलरी खुणेच्या खोलीत टेबलावर मांडल्या. सोबत पोलीस होता. मुकादमिणीला प्रत्येक कॉलर तपासायला लावली. एकीवरही गाठ नव्हती आणि मावशीचा जीव भांड्यात पडत चालला होता, तेवढ्यात मुकादमिणीचा हात एका कॉलरीवर थांबला. दोन वेढे आणि डावीकडे तोकडं शेपूट.

आईला ठाऊकही नव्हतं. डोक्यानं मान डोलवली होती, हातानं ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं टाका संपला की गाठ, टाका संपला की गाठ, त्या हाताला दुसरं येतच नव्हतं. बाकीच्या जणींच्या हातांनी ऐकलं, कारण त्या इतक्या सफाईनं शिवतच नव्हत्या. दोरा उलटा घ्यायचा आहे, हे त्यांना टाक्या-टाक्याला आठवावं लागत होतं. सगळ्यात चांगली शिवणारी सापडली, याचा राग मला आजही येतो.

ही गाठ मुकादमिणीनंच आईला शिकवली होती. ती नाव सांगेना. मालक म्हणाला, नाव सांगितलं नाही तर सगळी खोली आत्ताच्या आत्ता घरी. तेव्हा आई उठली.

"माझी आहे," ती म्हणाली.

तिच्या पाठोपाठ मावशी उठली आणि म्हणाली, हिला मी सांगितलं, हिच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. मालकाला एक हवी होती, दोन मिळाल्या. कपड्यांची नासधूस आणि सभागृहाचा अपमान, असं कलम लावलं आणि दोघींना तुरुंगात धाडलं. तिथं त्यांना काय काम दिलं असेल? धुण्याचं. भट्टी नव्हती, गरम पाणी नव्हतं. उघड्या हौदाच्या थंड पाण्यात उभं राहून कैद्यांच्या घोंगड्या धुवायच्या. त्या काळात मला मुकादमिणीनं सांभाळलं. ती माझी वेणी घालायची आणि माझ्याशी बोलायची नाही.

दोघी सुटल्या तेव्हा मावशी वाळली होती, आई खोकत होती. लाँड्रीनं परत घेतलं नाही. मावशी घरोघरी इस्त्रीची कामं करू लागली, आई खाटेवरून शिवायची. थंडी पडली तसं तिच्यानं सुई धरवेना. एका दुपारी मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. मावशी तिला सांगत होती की बाईंनी दुसऱ्या गावातही मंडळ काढलंय, आता थांबायचं नाही, तुझं नाव सगळीकडे घेतात. आई डोळे मिटून ऐकत होती.

"मला मत नको होतं गं," आई म्हणाली. "तुला हवं होतं, म्हणून टाके घातले."

मावशीनं आईच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, मग पुन्हा नीट केलं. त्याच आठवड्यात आई गेली.

लोकांना वाटतं, मावशीनं त्यानंतर दुःख गिळून लढा पुढे नेला. मला तसं दिसलं नाही. मला एक बाई दिसायची, जी पाटी घेऊन चौकात उभी राहायची आणि अंगावर थुंकलेलं पुसून घरी येऊन दुसऱ्यांच्या शर्टांना इस्त्री करायची. मोर्च्यात तिचं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. सभेत ती आईचं नाव कधी घेऊ द्यायची नाही. कुणी घेतलं तर उठून जायची. मी मोठी होत होते आणि मला तिचा राग यायचा. बहीण गेली तरी हिचं वेड जात नाही, असं वाटायचं. तोंडावर म्हटलंही एकदा. ती म्हणाली, "आता थांबले तर ती फुकट गेली." मला ते तेव्हा पटलं नाही आणि अजूनही पुरतं पटत नाही.

कायदा झाला तेव्हा तिचे केस पिकले होते. बायकांना मत मिळालं, पण त्यात एक मेख होती. तुरुंगात जाऊन आलेल्यांना मत नाही. अगदी हवंच असेल, तर झाल्या गोष्टीचा पस्तावा होतो असं न्यायाधीशांसमोर लिहून द्यायचं. शाळेतल्या बाई, आता काठी टेकत चालायच्या, स्वतः मजकूर लिहून घेऊन आल्या. दोन ओळींचा होता. सही केली की झालं. बाई म्हणाल्या, अगं, शब्दच आहेत नुसते, ज्याच्यासाठी आयुष्य घातलंस ते एकदा हातात तर घे.

मावशीनं कागद वाचला आणि घडी करून त्यांना परत दिला. बाई गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, आईनं ज्याच्यासाठी जीव दिला, ते तू एका सहीसाठी सोडणार?

"तिनं त्याच्यासाठी नाही दिला," मावशी म्हणाली. "माझ्यासाठी दिला. पस्तावा आहे मला, रोज उठल्यापासून आहे. पण तो तिच्यासाठी आहे. त्यांना का लिहून देऊ?"

ती इस्त्री तापवायला उठली.

मतदानाच्या सकाळी मला घालायचा कॉलरचा ब्लाउज तिनं स्वतः इस्त्री करून ठेवला होता. माझ्यासोबत शाळेपर्यंत चालत आली. मतदान त्याच शाळेत होतं जिथं त्यांचे अर्ज लिहिले जायचे. फाटकाशी पोलीस म्हणाला, यादीत नाव नसलेल्यांनी पलीकडे थांबा. ती मुकाट्यानं रस्ता ओलांडून भिंतीशी जाऊन उभी राहिली. रांगेत माझ्यापुढे मालकाची सून होती, नवी टोपी घालून. वर्तमानपत्रवाला तिचा फोटो काढत होता. मी मागे वळून पाहिलं तर मावशी पदराच्या टोकानं चष्मा पुसत होती. असं वाटलं, फिरावं आणि घरी जावं.

आत लहान मुलींची बाकं भिंतीला लावली होती. कारकुनानं नाव पुकारलं, कागद दिला आणि कोपऱ्यातल्या पडद्याकडे बोट केलं. पडद्याआड टेबल ठेंगणं होतं. शिक्का मारायला वाकले आणि मानेला काहीतरी कचकन टोचलं. मी बोट घालून पाहिलं. दोन वेढे होते आणि डावीकडे तोकडं शेपूट.

बाहेरून कारकुनानं हाक मारली, तेव्हा शिक्का मारला.

मावशी भिंतीशी होती तिथंच होती. आत काय होतं, कुणी काय म्हणालं, यातलं काही तिनं विचारलं नाही.

"टोचली का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

आम्ही चालायला लागलो. वळणावर आल्यावर ती थांबली आणि माझी कॉलर उलटी करून पाहू लागली. वाकड्या मनगटाच्या हातानं तिनं गाठ चाचपली.

"सैल राहिली," ती म्हणाली. "तिच्यासारखी नाही बसत माझ्याच्यानं." आणि भर रस्त्यात माझ्या मानेत तोंड खुपसून ती रडायला लागली.